वाचकांचे प्रश्न : फौजेच्या पैशाचा हिशेब कोण विचारतं?

मागच्या अंकात मी संरक्षण बजेटवर चारच ओळी लिहिल्या होत्या, की २०२५-२६ साठी ६ लाख ८१ हजार २१० कोटी रुपये ठेवलेत, केंद्राच्या एकूण बजेटच्या साडेतेरा टक्क्यांच्या आसपास, आणि एवढ्या पैशाची संसदेत नीट झाडाझडती होत नाही. त्यावर इतकी पत्रं नि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. मी स्वतः संरक्षण ऑडिटमध्ये नोकरी केलीय, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पेपरातला नाही, रोजच्या टेबलावरचा होता. सगळ्यांना उत्तर देणं जमलं नाही, माफ करा.

प्रश्न : ताई, मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, पुण्यात सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. पुस्तकात लिहिलंय की सरकारच्या प्रत्येक रुपयाला लोकसभेची मंजुरी लागते. मग तुम्ही झाडाझडती होत नाही असं कसं म्हणता? आणि ते गिलोटिन म्हणजे नक्की काय?

पुस्तकात लिहिलंय ते खरंच आहे रे, मंजुरी लागतेच. पण मंजुरी आणि चर्चा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळी गोम तिथेच आहे.

आधी आकडा फोडून बघ. संरक्षणाच्या चार मागण्या असतात, म्हणजे खर्चासाठी लोकसभेकडे मागितलेल्या रकमा. २०२५-२६ मध्ये खात्याचा नागरी खर्च २८,६८३ कोटी, सैन्याचा पगारपाणी-इंधन-देखभाल असा महसुली खर्च ३ लाख ११ हजार ७३२ कोटी, पेन्शन १ लाख ६० हजार ७९५ कोटी, आणि नवीन विमानं, जहाजं, तोफा वगैरे भांडवली खर्च १ लाख ८० हजार कोटी. म्हणजे नवीन घेण्यासाठी चार रुपयांतला जेमतेम एक रुपया. लोकांना वाटतं सगळे पैसे शस्त्रांवर जातात, तसं नाहीये.

आता हे लोकसभेत येतं कसं, तर १ फेब्रुवारीला बजेट मांडलं जातं, थोडी सर्वसाधारण चर्चा होते, मग काही आठवडे सभागृहाला सुट्टी, त्या काळात स्थायी समित्या, म्हणजे एकेका खात्यासाठी नेमलेल्या खासदारांच्या समित्या, आपापल्या खात्याच्या मागण्या तपासतात, आणि सभागृह परत भरलं की तीन-चार खात्यांवर चर्चा होते. कुठल्या खात्यांवर ते कामकाज सल्लागार समिती ठरवते. शेवटच्या दिवशी ठरलेली वेळ झाली की उरलेल्या सगळ्या खात्यांच्या मागण्या अध्यक्ष एकदम मताला टाकतात, चर्चा झाली असो नसो. यालाच गिलोटिन म्हणतात. २०१८ च्या मार्चमध्ये तर एकाही खात्यावर चर्चा झाली नाही, सगळ्या मागण्या अर्ध्या तासात पास, गोंधळ चालू असताना. २०२३ च्या मार्चमध्येही तेच, ४५ लाख कोटींचं बजेट काही मिनिटांत. संरक्षण त्यातच गेलं.

आणि परीक्षेसाठी एक लक्षात ठेव, खासदार मागणी कमी करायचा प्रस्ताव देऊ शकतो, म्हणजे कपात सूचना, धोरणाला विरोध असेल तर मागणी एक रुपयावर आणायची, एखादी तक्रार मांडायची असेल तर ती शंभर रुपयांनी कमी करायची. पण वाढवायचा प्रस्ताव त्याला देता येत नाही. त्यामुळे सैन्याला पैसे कमी पडतायत असं ज्याला वाटतं त्याच्या हातात सभागृहात बोलणं एवढंच उरतं, आणि बोलायलाच वेळ मिळाला नाही तर संपलं.

खरं काम होतं ते समितीच्या खोलीत. संरक्षणाच्या स्थायी समितीत ३१ जण, २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे, मंत्री कोणी नाही. १९९३ पासून ही पद्धत आहे. तिथे पक्षाचा व्हीप चालत नाही आणि कॅमेरा नसल्यामुळे कोणाला भाषण ठोकायचं नसतं. मी तुला एकच उदाहरण देते, त्याच २०१८ च्या मार्चचं. समितीचे अध्यक्ष होते भाजपचेच खासदार, निवृत्त मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी. त्यांच्यासमोर लष्कराचे उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी साक्ष दिली की आमच्याकडची ६८ टक्के सामग्री जुनाट झालीय, अगदी अद्ययावत म्हणावी अशी फक्त ८ टक्के आहे, आणि आधुनिकीकरणाला मिळालेत २१,३३८ कोटी, तर आधीच करार झालेल्या १२५ योजनांचे हप्तेच २९,०३३ कोटींचे आहेत. म्हणजे नवीन काही घ्यायचं लांबच, जुन्याचे हप्ते फेडायलाही पैसे नाहीत! वर्दीतला एवढा मोठा अधिकारी हे स्वतःच्याच सरकारच्या बजेटबद्दल सांगतो, समिती ते जसंच्या तसं छापून संसदेत मांडते, आणि त्याच सुमाराला बाहेर सभागृहात त्याच मागण्या एक शब्द न बोलता पास होतात. त्या सप्टेंबरमध्ये समिती नव्याने नेमली तेव्हा अध्यक्षपदी कलराज मिश्र आले. मला आजही वाटतं की त्या साक्षीवर लोकसभेत एक अख्खा दिवस द्यायला हवा होता.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातला निवृत्त सुभेदार. सियाचीनला दोन वेळा ड्युटी केलीय. मॅडम, रागावू नका, पण दिल्लीतले लोक कागद घेऊन फौजेच्या मागे लागतात तेव्हा आम्हाला बरं वाटत नाही. बोफोर्सवरून एवढा गदारोळ झाला आणि त्यापायी तीस वर्षं नवी तोफ मिळाली नाही. अशा चौकशांनी फायदा कोणाचा होतो?

सुभेदारसाहेब, रागवायचं कशाला, तुमच्या जिल्ह्यातल्या गावागावांतून पोरं भरती झाली म्हणून आम्ही इथे बसून सदरं लिहितोय. तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तोफांबद्दल तुम्ही म्हणता ते अगदी खरंय. ४१० बोफोर्स तोफांचा १,४३७ कोटींचा करार २४ मार्च १९८६ ला झाला, आणि त्यानंतर परदेशी तोफेचा पुढचा मोठा करार, तो अमेरिकन एम-७७७ चा, थेट ३० नोव्हेंबर २०१६ ला. मधे तीस वर्षं. कारगिलला तीच बोफोर्स कामाला आली हे तुम्हाला मी सांगायला नको. पण ही तीस वर्षं चौकशीनं खाल्ली का? माझं मत वेगळं आहे. ती खाल्ली अर्धवट चौकशीनं.

बघा ना काय झालं. बोफोर्स ही स्वीडनची कंपनी. एप्रिल १९८७ मध्ये तिथल्या रेडिओनं या सौद्यात लाच दिल्याची बातमी दिली. ऑगस्टमध्ये बी. शंकरानंद यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली. हे आपल्या सीमेलगतच्या चिकोडीचे खासदार. विरोधी पक्षांनी समितीवर बहिष्कार टाकला, समितीत सत्ताधारी आणि त्यांचे मित्रच उरले, आणि १९८८ मध्ये अहवाल आला की लाच दिल्याचा पुरावा नाही. अण्णाद्रमुकच्या आलाडी अरुणा यांनी एकट्यांनी वेगळं मत लिहून दिलं. पुढच्या वर्षी जुलैत कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा रिपोर्ट आला, त्यात खरेदीच्या पद्धतीवर ताशेरे, आणि विरोधी खासदारांनी एकगठ्ठा राजीनामे दिले. म्हणजे एका बाजूनं झाकायचं ठरवलं आणि दुसऱ्या बाजूनं खोलीत बसायचंच नाही असं ठरवलं. शांतपणे कागद समोर ठेवून तोफ चांगली आहे की नाही, पैसा कुठे गेला, पद्धत कुठे मोडली, असे तीन प्रश्न वेगवेगळे सोडवायला हवे होते ते कोणीच सोडवले नाहीत. सगळं एका गाठोड्यात बांधलं गेलं, आणि मग मंत्रालयातला प्रत्येक जण सही करायला घाबरायला लागला. सही केली नाही तर कोणी विचारत नाही, केली तर वीस वर्षं कोर्ट. या करारासोबत आपल्याला तोफेची ड्रॉइंग्जसुद्धा मिळाली होती, ती वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली, त्यावरून बनवलेली धनुष तोफ सैन्याला मिळाली २०१९ मध्ये! ३३ वर्षं झाली तोपर्यंत. ड्रॉइंग्ज पडून का आहेत हे तेव्हाच्या समित्यांनी दरवर्षी खडसावून विचारलं असतं तर?

आता तुमच्या सियाचीनचं. २०२० च्या फेब्रुवारीत कॅगचा रिपोर्ट संसदेत मांडला गेला, त्यात अतिउंचावरच्या जवानांच्या सामानाचा हिशेब होता. बर्फात घालायच्या गॉगल्सचा तुटवडा ६२ ते ९८ टक्के. बहुउपयोगी बूट नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ घेतलेच नाहीत, त्यामुळे जुने बूट दुरुस्त करून परत वापरायला लागले. खास रेशनच्या बदली वस्तू पैशाच्या हिशेबात बसवल्यामुळे जवानाच्या पोटात जाणाऱ्या कॅलरी काही बाबतीत ८२ टक्क्यांपर्यंत घटल्या. हे लिहिणारे फौजेच्या मागे लागले होते का साहेब? ते तुमच्या पोरांच्या पायातल्या बुटाबद्दल भांडत होते. गॉगल नसेल तर डोळे जातात हे तुम्ही जाणता, ऑडिटवाला तिथे कधी गेलेलाही नसतो, तरी कागदावरून त्यानं ते पकडलं. नंतर लोकलेखा समितीनंही, म्हणजे कॅगचे रिपोर्ट तपासणाऱ्या संसदेच्या समितीनं, हा विषय हाती घेतला.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगते, म्हणजे कागदाचं महत्त्व कळेल. एका डेपोत आम्ही तपासणीला गेलो होतो, नाव सांगत नाही. रजिस्टरमध्ये बुटांचा साठा पूर्ण, कमतरता शून्य, खाली सही-शिक्का. शेडमध्ये पेट्या छतापर्यंत रचलेल्या. मी म्हटलं दहा-बारा पेट्या उघडा. पहिलीत ११ नंबर, दुसरीत ११, तिसरीत ५, चौथीत परत ११... आपल्या जवानांना जास्त लागतात ते ७, ८, ९ नंबर, त्याच्या पेट्या हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या. संख्या बरोबर होती हो, पाय बसत नव्हते. तिथला स्टोअरकीपर, वयस्कर माणूस, हळूच म्हणाला की बाई, आम्ही वर कळवून दमलो, तुम्ही लिहा, तुमच्या कागदाला उत्तर द्यावं लागतं. मी त्या दिवशी संध्याकाळीच हाफ मार्जिन लिहिला, म्हणजे ऑडिटचा पहिला लेखी प्रश्न. उत्तर यायला चौदा महिने लागले. पण आलं, आणि पुढच्या ऑर्डरमध्ये नंबर बदलले. तो स्टोअरकीपर माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. फौजेतल्याच माणसाला हवं होतं की बाहेरच्या कोणीतरी विचारावं.

दारूगोळ्याचंही तसंच. २०१५ आणि २०१७ च्या रिपोर्टांमध्ये कॅगनं लिहिलं की घनघोर लढाई झाली तर साठा ४० दिवस पुरायला हवा, पण सप्टेंबर २०१६ मध्ये १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकार दहा दिवसही पुरणार नाहीत अशा स्थितीत होते. ओरड झाली, शत्रूला गुपित सांगितलं म्हणून टीकाही झाली. पण त्याच सुमारास लष्कराच्या उपप्रमुखांना दारूगोळा थेट खरेदी करायचे जादा अधिकार मिळाले. आरडाओरडा झाल्याशिवाय ते मिळाले असते असं मला वाटत नाही.

प्रश्न : गुपिताचं तुम्ही काढलंच आहे म्हणून विचारतो. मी धुळ्यात वकिली करतो. राफेलची किंमत जाहीर केली तर पाकिस्तान-चीनला विमानात काय काय बसवलंय ते कळेल असं सांगितलं गेलं. हे पटण्यासारखं आहे का? मग संसदेनं काय तपासायचं?

वकीलसाहेब, तुम्ही धुळ्याचे, म्हणून तुम्हाला आठवत असेलच, १८ नोव्हेंबर २०१६ ला लोकसभेत लेखी उत्तर देऊन एका राफेलची किंमत साधारण ६७० कोटी, शस्त्रं आणि बाकी जोडसामग्री सोडून, असं सांगणारे संरक्षण राज्यमंत्री तुमच्याच मतदारसंघाचे खासदार होते, डॉ. सुभाष भामरे. म्हणजे एकदा सभागृहात आकडा दिला गेला होता. नंतर मात्र २००८ च्या फ्रान्सबरोबरच्या गुप्ततेच्या कराराचा हवाला देऊन तपशील देता येत नाही असं सांगण्यात आलं.

क्षेपणास्त्राचा पल्ला, रडारची क्षमता, हे गुप्त राहायलाच हवं, त्यात वाद नाही. पण एकूण किती पैसे दिले हे लोकप्रतिनिधींना, निदान बंद खोलीत तरी, कळलंच पाहिजे. ३६ विमानांचा करार २३ सप्टेंबर २०१६ ला झाला, साधारण ५९ हजार कोटींचा. कॅगचा रिपोर्ट संसदेत मांडला गेला १३ फेब्रुवारी २०१९ ला, सोळाव्या लोकसभेच्या अगदी शेवटच्या बैठकीच्या दिवशी. त्यात निष्कर्ष होता की आधीच्या १२६ विमानांच्या प्रस्तावाच्या तुलनेत हा सौदा २.८६ टक्के स्वस्त पडला, पण किमतीचे मूळ आकडेच काढून टाकलेले. टक्के आहेत पण ते कशाचे ते नाही. आता असा रिपोर्ट वाचून खासदार कोणता प्रश्न विचारणार, आणि त्या दिवशी विचारणार कधी? मी नोकरीत असताना हिशेबात एक आकडा खोडलेला दिसला तरी बाजूला सही मागायचो आम्ही.

आणखी एक गोष्ट या प्रकरणात घडली ती वकील म्हणून तुम्ही वाचली असेल. १४ डिसेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं चौकशीची गरज नाही असा निकाल दिला, पुढे पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या, तो विषय कोर्टापुरता मिटला. पण त्या निकालात असं वाक्य आलं की कॅगचा रिपोर्ट लोकलेखा समितीनं तपासलाय. समितीचे अध्यक्ष होते मल्लिकार्जुन खर्गे, ते म्हणाले आम्ही तो पाहिलेलाच नाही. रिपोर्ट तेव्हा मांडलाच गेला नव्हता! मग सरकारनं दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचा अर्ज दिला. देशाच्या सर्वोच्च कोर्टानंही ज्यावर भार टाकला ती संसदीय तपासणी झालेलीच नव्हती, हे मला फार लागलं.

आणि हे काही आजच्याच सरकारचं दुखणं नाही. चीनच्या युद्धानंतर आपले यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं आपण अभिमानानं म्हणतो. पराभवाची कारणं शोधणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल त्यांच्याच काळात आला, २ सप्टेंबर १९६३ ला त्यांनी लोकसभेत त्यावर निवेदन केलं, ट्रेनिंग, सामग्री, नेतृत्व असे मुद्दे सांगितले, पण अहवाल मांडला नाही. त्या वेळी ते समजण्यासारखं होतं, जखम ताजी होती. पण साठ वर्षं उलटून गेली, तो अहवाल अजूनही अधिकृतपणे बाहेर आलेला नाही, कुठल्याच पक्षाच्या सरकारनं काढला नाही. यशवंतरावांबद्दल मला मनापासून आदर आहे, तरी हे लिहितेय.

आता संरक्षणावरचे ऑडिट रिपोर्ट वेबसाइटवर टाकणंही बरंचसं बंद झालंय. संसदेत मांडलेला कागद म्हणजे सार्वजनिक कागद, खासदाराला छापील प्रत मिळते, बातमीदारही लिहितात, मग तो सांगलीच्या त्या अभ्यास करणाऱ्या पोराला का मिळू नये? हे मला आजिबात पटत नाही.

प्रश्न : मी वास्कोची. माझे वडील गोवा शिपयार्डात होते. पर्रीकरसाहेब संरक्षणमंत्री असताना इथे सुरुंग शोधणारी बारा जहाजं बांधणार म्हणून केवढी तयारी चालली होती. त्याचं पुढे काय झालं ते कोणी धड सांगत नाही.

ताई, तुमच्या वडिलांसारख्या कामगारांनी त्यासाठी किती वाट पाहिली असेल याची कल्पना आहे. सुमारे ३२ हजार कोटींचा प्रकल्प होता, कोरियाच्या कंगनाम कंपनीकडून तंत्रज्ञान घ्यायचं होतं. आधी त्याच कंपनीबरोबरची खरेदी दलालांच्या संशयावरून रद्द झाली, मग काम गोवा शिपयार्डला द्यायचं ठरलं, वाटाघाटी वर्षानुवर्षं अडकल्या, आणि २०१८ मध्ये तेही बंद पडलं. २०१९ च्या एप्रिलमध्ये नौदलाची शेवटची सुरुंगशोधक, आयएनएस कोझिकोड, निवृत्त झाली. म्हणजे मुरगाव काय, मुंबई काय, कुठल्याही बंदराच्या तोंडाशी शत्रूनं सुरुंग टाकले तर ते काढणारी खास जहाजंच आपल्याकडे उरली नाहीत. ३ जुलै २०२५ ला संरक्षण खरेदी परिषदेनं अशा जहाजांना परत तत्त्वतः मंजुरी दिलीय. तत्त्वतः मंजुरी म्हणजे पहिली पायरी, टेंडर, किंमत, करार हे सगळं अजून पुढे.

या प्रकरणात भ्रष्टाचार सिद्ध झाला असं मी म्हणत नाही. पण वेळ वाया गेला त्याला जबाबदार कोण, हा प्रश्न संसदेत कोणी तडीस नेला नाही. चोरी झाली की आरडाओरडा होतो, दहा वर्षं उशीर झाला की नुसतं एका ओळीचं उत्तर, प्रक्रिया सुरू आहे. माझ्या मते उशीर हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा घोटाळा आहे. मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या स्कॉर्पीन पाणबुड्या बघा, करार २००५ चा, पहिली कलवरी २०१२ ला मिळायची ती आली डिसेंबर २०१७ मध्ये, सहावी वागशीर जानेवारी २०२५ मध्ये, आणि या पाणबुड्यांसाठीचे नवे जड टॉर्पेडो इटलीच्या कंपनीवर बंदी आल्यामुळे आलेच नाहीत, जुन्यांवर काम भागवलंय. नाशिकहून एका वाचकानं तेजसबद्दल विचारलंय, त्यांनाही इथेच सांगते, ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा, पहिलं विमान मार्च २०२४ मध्ये मिळायचं होतं, ते ठरलेल्या वेळेत मिळालं नाही, इंजिनंही अमेरिकेतून उशिरा आली. ओझरच्या कारखान्यातून पहिलं तेजस ऑक्टोबर २०२५ मध्ये उडालं याचा आनंद मलाही झाला. तुमचे ओझरचे लोक कामात कमी नाहीत.

प्रश्न : मी गेली नऊ वर्षं इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला आहे. इथे संसदेच्या समितीत संरक्षण खात्याच्या सचिवाला अक्षरशः घाम फुटलेला टीव्हीवर दिसतो. आपल्याकडे असं का दिसत नाही?

कारण आपल्याकडे समितीच्या बैठका बंद दाराआड होतात, रिपोर्ट मांडेपर्यंत आतलं बाहेर सांगायचं नाही असा नियम आहे. ब्रिटनमध्ये साक्षी शक्यतो उघड होतात. तुम्हाला अजॅक्स रणगाडी गाड्यांचं माहीत असेल. ५८९ गाड्या, साडेपाच अब्ज पौंड, २०१७ पासून सैन्यात यायच्या होत्या. आत बसलेल्या सैनिकांचे कान बिघडायला लागले, हादरे इतके, म्हणून चाचण्या थांबवल्या. तिथल्या राष्ट्रीय ऑडिट कार्यालयानं मार्च २०२२ मध्ये लिहिलं की ३.२ अब्ज पौंड देऊन झाले आणि हातात आल्या २६ गाड्या. लोकलेखा समितीनं खात्याच्या सचिवांना समोर बसवून सगळ्या देशासमोर विचारलं.

तरी मी एवढंच म्हणेन की टीव्हीमुळे गाड्या वेळेवर आल्या नाहीत. उघड विचारपूस झाल्यामुळे सैनिकांच्या कानांचं दुखणं दाबलं गेलं नाही, हा फायदा मात्र नक्की. आपल्याकडे बंद खोलीचाही एक फायदा आहे, तो वर सांगितला, जनरल मोकळेपणानं बोलतात. माझं म्हणणं असं की साक्ष बंद ठेवा हवं तर, पण रिपोर्टावर सभागृहात सक्तीनं चर्चा करा. आत्ता स्थायी समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत आणि त्यावर चर्चा क्वचितच होते. समिती किती वर्षं सांगतेय की भांडवली पैसा ३१ मार्चला परत जाऊ नये म्हणून न संपणारा वेगळा निधी करा. पंधराव्या वित्त आयोगानंही २०२१ ते २६ साठी २,३८,३५४ कोटींचा असा निधी सुचवला, सरकारनं तत्त्वतः मान्यही केला. परत तेच, तत्त्वतः.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिक्षक आहे. एवढ्या मोठ्या गोष्टीत आमच्यासारख्यानं काय करायचं?

गुरुजी, तुम्ही करू शकता असं बरंच आहे. तुमचा खासदार कोणत्या समितीवर आहे, बैठकांना किती वेळा गेला, कोणते प्रश्न विचारले, हे बघता येतं. लोकसभेच्या वेबसाइटवर प्रश्नोत्तरं तारखेनुसार मिळतात, तुमच्या भागातला एखादा जवान काही सांगत असेल, कोट मिळाला नाही, पेन्शन अडकली, तर ते खासदाराला लेखी द्या आणि प्रश्न विचारायला लावा. तारांकित प्रश्न असेल तर मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि वर पुरवणी प्रश्नही येतात, अतारांकित असेल तर लेखी मिळतं. दोन्ही कायमचं रेकॉर्डवर राहतं.

आणि नववी-दहावीच्या मुलांना संसद शिकवत असाल तर एकदा स्थायी समितीचा कार्यवाही अहवाल उघडून दाखवा. समितीनं शिफारस केली की सरकारला तीन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं, मग समिती ती उत्तरं तपासून परत अहवाल काढते. इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नाही, तेवढी खंत आहे. त्याची प्रकरणं ठरलेली असतात, दुसऱ्यात सरकारनं मान्य केलेल्या शिफारशी, तिसऱ्यात समितीनं सोडून दिलेल्या, पाचव्यात उत्तर यायचं बाकी असलेल्या. चौथ्यात त्या, ज्यांवरचं सरकारचं उत्तर समितीला पटलेलं नाही. मुलांना आधी चौथं प्रकरण वाचायला द्या. पानं थोडी असतात, आणि एकेका शिफारशीखाली सरकारचं उत्तर नि त्याखाली समितीचा शेरा, असं भांडण समोरासमोर छापलेलं असतं.